सूनबाईची घरगुती पावडर

सासूबाईंनी चहाचा एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि निकाल दिला.

"साबण."

"आई, तो कप मी पुन्हा पाण्यातून काढलाय," सूनबाई म्हणाली.

"मग अजून एकदा काढ. मी चहा पितेय की कपडे धुतेय?"

साबण म्हणजे भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घालायची बाजारातली पावडर. मशीन घरात येऊन थोडेच दिवस झाले होते आणि सासूबाईंनी अजून त्याला मशीन म्हटलं नव्हतं. त्या त्याला पेटी म्हणत. पेटीच्या जागी आधी त्यांचं डब्यांचं कपाट होतं. ते आता गॅलरीत गेलं होतं, आणि येता-जाता सासूबाई त्याच्याकडे बघून मोठ्यानं उसासा टाकत.

"रविवारी माझी लेक येतेय," त्या म्हणाल्या. "तिला ही पेटी हवीच आहे. तोवर चहातला साबणाचा वास गेला तर ठीक. नाहीतर पेटी तिच्याकडे आणि माझं कपाट माझ्या जागेवर. विषय संपला."

विषय कसला संपतोय! सूनबाईच्या दृष्टीनं तो आत्ताच सुरू झाला होता. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दुपारपासून रात्रीपर्यंत काउंटरमागे उभी. त्याआधी घरातल्या सगळ्यांच्या जेवणाची भांडी घासायची, ओल्या हातांनीच वेणी घालायची आणि धावत सुटायचं, हे तिचं लग्नापासूनचं वेळापत्रक. मशीन आल्यापासून तिला दुपारी घटकाभर पाठ टेकायला मिळत होती. ती घटका तिला जिवापलीकडे प्यारी होती आणि ती नणंदेच्या टेम्पोतून जाऊ द्यायचा तिचा अजिबात विचार नव्हता.

"मी घरीच पावडर करते," तिनं जाहीर केलं. "एकदम नैसर्गिक. ना वास, ना रसायन."

हे ऐकून तिच्या नवऱ्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शेजारी बसून ब्रेक मारण्यात त्याची उभी हयात गेली होती, त्यामुळे घरात काही धोका दिसला की त्याचा पाय आधी बोलायचा.

"जमेल ना तुला?" त्यानं भीतभीत विचारलं.

"दिवसभर औषधं मोजून देते मी. भांड्यांची पावडर जमणार नाही?"

दुसऱ्या दिवशी तिनं खल काढला, वजनकाटा काढला. धुण्याचा सोडा, मीठ, लिंबूसत्त्व, सगळं तोलूनमापून बरणीत भरलं. इथवर ठीक होतं. पण मग तिला वाटलं, थोडा ताजेपणा हवा, आणि तिनं त्यात अर्धं लिंबू पिळलं. बरणी फसफसली, झाकण उडालं आणि सासूबाईंच्या वर्तमानपत्रावर जाऊन पडलं. उरलेल्या मिश्रणाचा रात्रीपर्यंत दगड झाला, मधोमध चमचा उभा. नवऱ्यानं हातोडी आणून ठोकून बघितलं. बरणी फुटली, दगडाला ओरखडासुद्धा उठला नाही.

"राहू दे तो," सासूबाई म्हणाल्या. "दार आपटतं ना आपलं, त्याला लावायला होईल."

 चूक कुठे झाली ते सूनबाईला कळलं होतं. ओलावा नको. शिवाय सोड्यानं नुसता तेलकटपणा जाईल, घाण सुटायला काहीतरी हवंच. म्हणून पुढच्या खेपेला तिनं अंघोळीच्या खोबरेल साबणाची अख्खी वडी किसून कोरडी वाळवली आणि मिश्रणात घातली. दुपारी जेवणं झाल्यावर मशीन लावलं आणि ती आत जाऊन आडवी झाली.

डोळा लागतोय न लागतोय तोच स्वयंपाकघरातून हाक आली.

"अगं ए, बाहेर ये! तुझी पेटी उतू चाललीय!"

मशीनच्या दाराच्या चारी बाजूंनी फेस येत होता. पांढरा, मऊ, सुगंधी आणि न थांबणारा. सूनबाईनं बटण दाबून मशीन बंद केलं तरी तो येतच होता. टेबलाचे पाय बुडाले. नवरा फडकं घेऊन धावला, घसरला, आणि बसल्या जागी दोन्ही पायांनी ब्रेक मारत थेट फ्रिजपर्यंत गेला. सासूबाई मात्र खुर्चीवर पाय वर घेऊन शांतपणे बसल्या होत्या.

"मी बाई जन्मभर एवढ्यांची भांडी घासली," त्या म्हणाल्या. "पण चार ताटांत असा तोंडाला फेस नाही आला कधी."

त्या दिवशी सूनबाई कामावर उशिरा पोचली. तिच्या अंगाला इतका छान वास येत होता, की एका गिऱ्हाइकानं खोकल्याच्या औषधाबरोबर तो साबणही मागितला.

नणंदेचा फोन रोज येत होता. "वहिनी, मी टेम्पोवाल्याला सांगून ठेवू ना? की काही जमतंय तुमचं?" त्या आवाजातली माया ऐकून सूनबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"ताई, तुम्ही टेम्पोवाल्याला सांगाच," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्याबरोबर त्यालाही एक कप चहा पाजता येईल."

तिसऱ्या खेपेला साबण बाद झाला. आता फक्त सोडा, मीठ आणि लिंबूसत्त्व, तेही ठणठणीत कोरडं. फेस नाही, दगड नाही. पेटी कशी गुमान चालली. सूनबाईनं मोठ्या आशेनं दार उघडलं, आणि आतली सगळी भांडी पिठात लोळवल्यासारखी पांढरी! ताटांवर पांढरी पुटं, आणि ग्लासांतून तर पलीकडचं काही दिसेना.

सासूबाईंनी एक ग्लास उजेडात धरला. "ग्लासांना मोतीबिंदू झालाय गं."

 सूनबाई उघड्या मशीनसमोर खाली फरशीवर बसली, गुडघ्यांत हनुवटी घातली आणि बसूनच राहिली. तिला फार वाईट वाटत होतं. घटकाभर आडवं व्हायला मिळावं, एवढंच तर मागत होती ती. नवऱ्यानं येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, ग्लासावरचं पांढरं पुट बोटानं खरवडून बघितलं आणि तो निघून गेला. थोड्या वेळानं ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा वजनकाटा काढला. लिंबूसत्त्व वाढवलं, सोडा कमी केला, मीठ जरा वाढवलं.

आणि काय आश्चर्य! दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, मशीन उघडलं, तर भांडी लखलखत होती. ताटात तोंड दिसत होतं. चमच्यांच्या खाचासुद्धा स्वच्छ. तिनं कप नाकाशी धरला. वास नाही म्हणजे नाहीच!

"जमलं!" ती अशी ओरडली, की शेजारच्या घरातला दिवा लागला.

"अरे वा," नवरा म्हणाला आणि त्यानं हात खिशात घातले.

दुसरी एखादी असती तर इथेच पाय पसरून बसली असती. पण सूनबाईच्या अंगात फार्मासिस्ट होती. पसारा आवरताना फ्रिजवर तिला एक वाटी सापडली. वाटीत पावडर होती, दुपारी मोजून ठेवलेली, जशीच्या तशी. गडबडीत ती मशीनमध्ये घालायचीच राहिली होती.

सूनबाई वाटीकडे बघत राहिली. मग ताटाकडे बघत राहिली. पावडरीशिवाय?

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम मशीनमध्ये काहीच घातलं नाही. उलट दूध करपलेलं पातेलं, ज्याचं बूड बघून कुणीही हात जोडावेत, ते मधोमध ठेवलं. बटण दाबलं, चप्पल घातली, मोठ्यानं "येते हो, आई!" म्हणाली आणि कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसली. दुकानात उशिरा येईन म्हणून तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. मशीन थांबायच्या सुमाराला ती चपला हातात घेऊन घरात शिरली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली.

नवरा ओट्यापाशी होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, सासूबाईंचं जुनं ॲप्रन पोटावर बांधलेलं. मशीनमधून एकेक भांडं काढून तो घासणीनं घासत होता, धुवून पुसत होता आणि होतं तसं परत आत लावत होता. करपलेल्या पातेल्याशी तर त्यानं असं युद्ध मांडलं होतं, की त्याला घाम फुटला होता. गाडी शिकणारी मंडळी दुपारी झोपतात, त्यामुळे या वेळेला तो मोकळा असायचा, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मधेच त्यानं एक ग्लास उजेडात धरला, समाधानानं मान हलवली आणि शीळ घातली.

रागवावं की रडावं, हेच सूनबाईला कळेना. तिची पावडर सपशेल नापास झाली होती. आणि हा वेडा माणूस तिला पास करायला भर दुपारी पातेली घासत होता. ती आली तशी पावलं न वाजवता परत फिरली.

रविवारी नणंद आली. टेम्पो खाली उभा होता आणि दोरी तिच्या पर्समधून बाहेर डोकावत होती. चहा झाला. सासूबाईंनी कप उचलला. नवऱ्याचा पाय टेबलाखाली जोरात दाबला गेला. सासूबाईंनी घोट घेतला, तो तोंडात घोळवला आणि कप रिकामा करूनच खाली ठेवला.

"वास नाही," त्या म्हणाल्या.

नणंदेचा चेहरा पडला. सूनबाईनं जिंकल्यासारखं हसायला हवं होतं, पण तिला हसू येईना. खोटं लेबल लावून तिनं आजवर साधी गोळी विकली नव्हती.

"आई," ती उभी राहिली. "मला काही सांगायचंय. ती पावडर—"

"तू आधी आत चल," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू गं, टेम्पो परत पाठव. पेटी कुठेही जाणार नाही."

"पण आई, तूच म्हणालीस—"

"म्हणाले होते. आता नाही म्हणत."

सासूबाईंनी सुनेला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"आई, भांडी माझ्या पावडरीनं निघत नाहीत हो. ती—"

"ती माझा मुलगा घासतो. मला काय डोळे नाहीत? दुपारी मी झोपते असं तुम्हा दोघांना वाटतं. एक डोळा उघडा असतो माझा." सासूबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "तू त्या दिवशी इथे खाली बसलीस ना, तुझं उतरलेलं तोंड त्याला बघवलं नाही. अगं, त्याच्या बापानं कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नाही. यालाही मी लहानपणापासून सांगून सांगून थकले. भांडं उचलायचं म्हटलं की याला अभ्यास आठवायचा. आणि आता बघ, चमच्यांच्या खाचासुद्धा काढतो! ही पेटी मी कुणालाही देणार नाही. राहू दे माझं कपाट गॅलरीत."

सूनबाईचे डोळे भरून आले. पण ती जिद्दीची बाई, डोळे पुसता पुसताच म्हणाली, "तरी आई, मी पावडर सोडणार नाही हं. पुढच्या आठवड्यात प्रमाण बरोबर जमवते की नाही बघा."

सासूबाईंनी घाबरून तिचा दंड धरला.

"खबरदार! चांगली झाली तर तो थांबेल ना घासायचा."

 सूनबाईनं वजनकाटा ओट्यावर घेतला, खल पुढे ओढला आणि अतिशय काळजीपूर्वक, अगदी ग्रॅमच्या हिशेबात, ज्यानं ग्लासांना मोतीबिंदू झाला होता ते प्रमाण पुन्हा मोजायला सुरुवात केली.

"जरा जास्तच कर," सासूबाई म्हणाल्या आणि दारावर लक्ष ठेवायला उभ्या राहिल्या.