गोगलगायीचा कौल

डॉक्टर तापावर गोळ्या देणाऱ्यांतले नव्हते. गोगलगाय वाट कशी निवडते, याचा छडा लावण्यात त्यांनी उमेदीची सात वर्षं घालवली आणि त्याबद्दल त्यांना पीएचडी मिळाली. तेवढी वर्षं घर बायकोने ओढलं. दवाखान्याच्या काउंटरवर बसून ती नुसत्या नजरेने अख्खी रांग सरळ करायची. आता तिचं म्हणणं एवढंच होतं, की नोकरी कुठलीही धरा, पण धरा.

पर्याय तीन होते. पीएचडीच्या सरांच्या प्रयोगशाळेत आणखी दोन वर्षं, मग पुढचं पुढे. शाळेत मास्तरकी, कायमची. किंवा बागेतल्या गोगलगायी मारायची पावडर बनवणारी कंपनी. तिथे पगार घसघशीत, पण ज्यांच्या जिवावर डॉक्टर झालो त्यांच्याच जिवावर उठायचं. कंपनीच्या मॅडम पाचला फोन करणार होत्या आणि हो की नाही ते तेव्हाच सांगायचं होतं.

"निर्णय शास्त्रशुद्ध होईल," डॉक्टर छाती काढून म्हणाले. त्यांनी जेवणाच्या टेबलावर ओलं प्लास्टिक अंथरलं. तीन कोपऱ्यांत तीन चिठ्ठ्या, प्रत्येकीवर काकडीची चकती, चौथ्या कोपऱ्यात फोन आणि मधोमध गोगलगाय. "ही जिकडे जाईल ती नोकरी. कुणी हात लावायचा नाही."

गोगलगायीने शिंगं बाहेर काढली, जरा विचार केला आणि परत आत घेतली.

"हीसुद्धा पीएचडी झालेली दिसते," सासरे म्हणाले.

सासऱ्यांना कंपनी हवी होती. डॉक्टर पाणी आणायला वळताच त्यांनी कंपनीची काकडी वीतभर पुढे सरकवली. डॉक्टरांच्या आईला मात्र शाळा हवी होती, कारण मग मुलगा दुपारी घरी जेवायला आला असता. तिने सगळं पाहिलं आणि कंपनीच्या वाटेवर चिमूटभर मीठ टाकलं.

"अगं आई, मीठ?" डॉक्टर किंचाळले. "मिठाने मरते ती!"

"मग पावडर कशाला लागते? मीठ स्वस्त पडतं."

गोगलगाय जन्मात पळाली नव्हती तशी पळाली आणि थेट चौथ्या कोपऱ्यात फोनवर चढली. तेवढ्यात तो वाजला.

"उचला," बायको म्हणाली.

"कसा उचलू? प्रयोग बिघडेल."

फोन वाजत राहिला, गोगलगाय सरकत राहिली आणि वाजणं थांबलं.

"गेली नोकरी," म्हणत सासरे मटकन बसले. मग जी जुंपली! सासऱ्यांनी मिठाचा विषय काढला, आईने काकडीचा, आणि डॉक्टर म्हणाले की एका गोगलगायीवरून काही सिद्ध होत नाही, निदान तीस लागतील.

"पुरे," बायको म्हणाली. "बाबा, काकडी जागेवर. आई, मीठ पुसा. आणि तुम्ही. सात वर्षं मी एकटीने ओढलं, आता खरंच थकले. त्या मॅडमना उलटा फोन लावा, पगार वाढवून मागा आणि सोमवारी रुजू व्हा."

तिघेही मुकाट्याने कामाला लागले.

"ऐकलं सगळं," गोगलगायीच्या पोटाखालून आवाज आला.

फोन कट झालाच नव्हता. ओल्या अंगाने सरकताना तिने तो उचलला होता आणि वर स्पीकरही चालू केला होता.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे असे सात डॉक्टर आहेत. काकडी हलवायची तरी त्यांची मीटिंग भरते. त्यांना कामाला लावणारं माणूस मी वर्षभर शोधतेय. पगार वाढवून देते. सोमवारी तुम्हीच याल?"

बायकोचे डोळे भरून आले. सात वर्षांत तिला कुणी असं विचारलं नव्हतं.

"येते," ती म्हणाली.

"आणि मी?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्या गोगलगायीचं ठरलं की कळवा," मॅडम म्हणाल्या.

सोमवारी बायको कंपनीत गेली. भांडी घासून डॉक्टर पुन्हा टेबलापाशी येऊन बसले. रात्रीत गोगलगायीने प्रयोगशाळेची आणि शाळेची चिठ्ठी खाऊन टाकली होती. कंपनीच्या चिठ्ठीला तिने तोंडसुद्धा लावलं नव्हतं. ती जागा भरली, हे तिला बहुधा कळलं असावं.