दाविदबाबांचा अबोला

भोरच्या दाविदबाबा सुतारांचा देवाशी अबोला होता. देवावर विश्वास नव्हता म्हणाल, तर तसं मुळीच नाही. विश्वास पक्का होता म्हणून तर अबोला! जो नाहीच, त्याच्यावर रुसणार कोण?

संस्थानच्या शाळेत मास्तर म्हणून मी नगरहून आलो, तेव्हा भोरात आम्हा ख्रिस्ती लोकांची चार-पाच घरं होती आणि नीरेकाठी एक कौलारू प्रार्थनामंदिर. पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या वेळी पुण्याहून येत; एरवी उपासना चालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच रविवारी मी प्रार्थनेला उभा राहतोय, तेवढ्यात भलंमोठं मुंडासं बांधलेले एक म्हातारबुवा कानाशी आले.

"मास्तर, त्यास्नी सांगा, माकडांनी कौलं फोडल्यात."

"कुणाला सांगू?"

त्यांनी बोट वर केलं. "आमचं बोलनं न्हाई."

झालं! घरात नवरा-बायकोचं बिनसलं की मधल्यामध्ये पोरांचा निरोप्या होतो, तसा माझा झाला. त्यांची बायको मार्था तापानं आजारी पडली, तेव्हा दाविदबाबांनी गुडघे टेकून देवाकडे तिचा जीव मागितला होता. ती गेली. "उभ्या जन्मात येकच मागनं मागितलं," ते म्हणायचे, "त्ये बी दिलं न्हाई." तेव्हापासून तोंड बंद.

पण मंदिराचा केर तेच काढायचे. जमीन सारवायची, समई घासायची, टांगलेल्या रेल्वे-रुळाच्या तुकड्यावर ठोके देऊन लोकांना बोलवायचं, सगळं तेच. भजनाला टाळ वाजवायचे, ओठ मात्र मिटलेले. मी छेडलं की म्हणायचे, "अबोला धरला म्हून बायकू चूल पेटवायची ऱ्हाती व्हय?"

एकदा मी म्हटलं, "बाबा, बापाशी नाही तर निदान मुलाशी बोला. येशूही सुतारच, तुमच्याच धंद्यातला."

"पोरगा गुनाचा हाय," ते रंधा मारता मारता म्हणाले. "पर बाप-लेकांत भांडान कशापायी लावू?"

मी हसून घरी आलो.

पुढच्या वर्षी माझी बायको रूथ बाळंतपणात अडली. सकाळपासून सुईण आत होती आणि दुपार झाली तरी बाहेर येईना. दर रविवारी चार माणसांसाठी घडाघडा प्रार्थना करणारा मी. त्या दिवशी "हे प्रभू"च्या पुढे शब्द फुटेना. मी तसाच मंदिराकडे गेलो.

आतून आवाज येत होता. दाविदबाबा मुंडासं काढून, क्रूसासमोर ताठ उभे होते.

"म्या दाविद. वळाकलंस न्हवं? माजा राग हाय तसाच हाय, त्यो मागनं बघू. आदी मास्तराच्या घरी जा. माज्याकडं न्हाई आलास, तिकडं तरी जा."

मी दारातूनच मागे फिरलो. माझी प्रार्थना त्यांनीच करून टाकली होती, माझ्यापेक्षा चांगली.

रूथ वाचली. मुलगी झाली. तिचं नाव मार्था ठेवलं, तेव्हा दाविदबाबांनी तिच्यासाठी सागवानी पाळणा आणून टाकला.

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे कानाशी आले. "मास्तर, त्यास्नी सांगा, त्या दिशी बोललो त्ये तेवढ्यापुरतंच. न्हाईतर वाटंल, मिटलं."

"सांगतो," मी म्हटलं.

ते गेले नाहीत. मुंडाशाचं टोक बोटांत चुरगाळत राहिले.

"आनी येक इचारा. आमची मार्था तितं बरी हाय का म्हनावं. तिला येकलीला करमत न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, हे मी नाही विचारणार. हे तुम्हीच विचारा."

उपासना संपली, माणसं पांगली, तरी दाविदबाबा शेवटच्या सतरंजीवर बसूनच होते. मी बाहेर आलो आणि दार हळूच लोटून घेतलं. त्या दिवशी मंदिराला कुलूप लावायला त्यांना फार उशीर झाला.