नसलेली खुर्ची

सासरे गेल्यावर दिवाणखान्यातली त्यांची खुर्ची जावईबापूंनी तातडीने हलवली. सासूबाईंच्या भल्यासाठीच. ते मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यामुळे तो अवयव इतरांनाही असतो, हे ते सहसा धरून चालत नसत.

"वस्तू नजरेआड झाली की मेंदू तिचा नाद सोडतो, आई."

"मला ती इथेच हवी होती," एवढंच सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातून आलं, ते जावईबापूंनी लगेच समजावून सांगितलं. आणि खुर्ची भंगारात जाऊ नये म्हणून मोठ्या मनाने आपल्याच घरी अभ्यासिकेत नेऊन ठेवली. रुंद हातांची, पाठ टेकताच डोळा लागावा अशी खुर्ची. त्याग लहान नव्हता.

गालिच्यावर तिच्या पायांचे चार खळगे तेवढे मागे राहिले.

रविवारी मुलगी आणि जावई भेटायला आले. मुलगी चहा घेऊन आली ती त्या रिकाम्या जागेला वळसा घालून. शेजारचे काका वर्तमानपत्र परत करायला आले आणि तिथून अंग चोरून, तिरके होत गेले.

"काका, वाट कुणाला देताय?" जावईबापूंनी विचारलं.

"अरेच्चा! गुडघ्याला लागेल असं वाटलं बघा," काका ओशाळले.

सुट्टीच्या दिवशी आयता वर्ग भरला. हातात कप घेऊन जावईबापू गालिच्यावर उभे राहिले. "चार खुणा! चारपर्यंत मोजावं लागत नाही, एका नजरेत कळतं. मग मेंदू त्यांच्यामध्ये नसलेल्या रेघा ओढतो, आकार पुरा करतो आणि सामान्य माणूस फसतो. पण ज्याला हे माहीत आहे, तो—"

बोलता बोलता त्यांनी कप खुर्चीच्या हातावर ठेवला आणि ऐसपैस मागे टेकले. आधी कप गेला, पाठोपाठ विद्वत्ता.

"अहो! तिथे खुर्ची नाहीये!" मुलगी ओरडली.

"माहीत आहे मला!" जावईबापू गालिच्यावरून म्हणाले.

डॉक्टरांनी माकडहाड तपासून फर्मावलं, "महिनाभर बसायचं नाही. उभे राहा, नाहीतर पालथे झोपा."

"आणि माझी व्याख्यानं?"

"ती उभ्यानेच द्यायची असतात ना? बसून काय होतं ते पाहिलंत."

दुसऱ्या दिवशी सासूबाई हमाल घेऊन जावयाच्या दारात हजर. "तुम्हाला बसायचं नाही म्हणे. मग उगाच अडगळ कशाला?"

"पण आई, शास्त्र असं सांगतं—" पालथे पडलेले जावईबापू उशीत बोलले.

"ते शास्त्र काल डोळ्यांनी पाहिलं की. नुसत्या चार खळग्यांवरून तुम्हाला अख्खी खुर्ची दिसली. खुर्ची असली की तिच्यातला माणूस मला दिसतो. त्यात एवढं काय नवल?"

हमालाने खुर्ची उचलली. सासूबाई उंबऱ्यात थांबल्या.

"आणि रविवारी आलात की तिथून जरा वळसा घालून जा. त्यांच्या पायाला धक्का लागलेला त्यांना खपत नाही."