पाटणकरांची वाळूची गोणी

आमच्या बिल्डिंगमधले पाटणकरकाका दर रविवारी सकाळी सायकलच्या कॅरिअरवर वाळूची गोणी बांधून फिरायला जात. गोणीत बासष्ट किलो वाळू. साठ नाही, पासष्ट नाही. मीरा रोडला आमच्या हाटकेश भागातल्या किराणावाल्याच्या काट्यावर त्यांनी ती स्वतः तोलून घेतली होती. दिवाळीनंतर त्यांनी गोणी पुन्हा काट्यावर चढवली आणि दोन किलो वाळू वाढवली. व्यायाम वाढवत असतील, असं मला वाटलं. गोणीखाली सोफ्याच्या कापडाची जाड उशी असे. वाळूला बसायला उशी देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

दुसरी खोड डांबराची. काका एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आमच्या हाटकेशपासून उत्तनच्या पलीकडे समुद्रावर चौक नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथपर्यंत डांबराला चाक न लावता सायकलने पोचायचं, हा त्यांचा चार वर्षांचा ध्यास. "डांबरावर काय, कोणीपण चालवेल. आपण मातीनं मातीनं जायचं," असं ते म्हणत. हॉलच्या भिंतीवर ट्रेसिंग पेपरचा नकाशा होता. मातीची वाट हिरव्या शाईत, डांबर लाल. बिल्डरांनी भराव टाकून ठेवलेले प्लॉट, नाल्याची कड, मिठागरांचे बांध, सगळं हिरवं. एका ठिकाणी वाट मुंबईच्या हद्दीला चिकटून जाई. तिथे काका पुढचं चाक मुंबईत आणि मागचं ठाणे जिल्ह्यात ठेवून दोन मिनिटं उभे राहत. मीही उभा राहायचो. एका जानेवारीत मी हौसेनं गिअरची सायकल घेतली आणि ती काकांनी पाहिली, एवढाच माझा गुन्हा.

बांधावर शंभर पावलं गेलं की काका उतरत, गोणी चाचपत आणि वहीत लिहीत: ‘गोणी हलली नाही.’ हलली असेल तर तो बांध बाद, आणि आम्ही परत फिरून दुसरा शोधायचा. तीन ठिकाणी डांबरी रस्ता आडवा येई. तिथे काका गोणी सोडवून माझ्या पाठीवर देत आणि सायकल खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडत. रेल्वेच्या पादचारी पुलावरही तेच. माझी कंबर त्या वर्षी कायमची गेली.

सगळं जमलं, पण एक फट राहिली. शेवटचं मिठागर आणि पलीकडची गावं यांच्या मध्ये खाडीचा एक फाटा होता. काकांनी हिशेब केला की अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला असते, म्हणजे आरामात जेवून जाता येईल. गेलो. पाच पावलांत काका गुडघाभर चिखलात, सायकल आसापर्यंत आणि गोणी जवळजवळ जलसमाधीला. बांधावर गणपतबाबा म्हात्रे बसले होते. त्यांच्या तीन पिढ्या त्या मिठागरात राबलेल्या. त्यांनी आम्हाला पूर्ण रुतू दिलं आणि मग शांतपणे सांगितलं, "आज भांग हाय. भांगाला पानी पुरता सुकत न्हाय. पुनवेच्या दुसऱ्या दिशी सकालचा ये, सात वाजता. कोरड्या पायानं जाशील."

कॅलेंडरमध्ये वेळ बघणारे आम्ही, पाणी किती उतरतं हे बघायचं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. काकांनी चिखलात उभ्या उभ्या ते वहीत लिहून घेतलं.

होळीच्या पुनवेनंतरचा दिवस म्हणजे धुळवड. काकांनी मला पाच वाजता गेटवर बोलावलं. पाहतो तर कॅरिअरवर उशी आहे, गोणी नाही. गोणीच्या जागी पाटणकरकाकू बसायच्या तयारीत उभ्या, साडीखाली पांढरे बूट घालून.

काकूंना आठ वर्षांत मी गेटाबाहेर पाहिलं नव्हतं. भाजीवाला गेटवर यायचा, देवदर्शन टीव्हीवर व्हायचं. घर आवडत असेल बाईंना, असं आम्ही सगळे समजत होतो. त्या दिवशी काकूंनीच सांगितलं. मीरा रोडला राहायला आल्या त्याच आठवड्यात हायवेवर त्यांच्या रिक्षाला ट्रकने उडवलं होतं. लागलं काहीच नाही, पण तेव्हापासून डांबर दिसलं की पाय हलेनात. माहेर मालवणचं, समुद्राशिवाय जीव कासावीस. एकदा वैतागून त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, मातीची वाट असती तर आले असते. त्या हे विसरूनही गेल्या. काका विसरले नाहीत.

"आणि ती दोन किलो?" मी विचारलं.

"दिवाळीचा फराळ," काकू म्हणाल्या.

चार वर्षं मी त्या गोणीवर विनोद करत होतो.

पहिल्या डांबरापाशी काका सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे गेले. काकूंनी डोळे घट्ट मिटले, माझा हात धरला आणि तोंडाने रामरक्षा म्हणत रस्ता ओलांडला. असे तीन रस्ते आणि एक पूल. मिठागरात शिरल्यावर मात्र त्यांचा आवाज मोकळा झाला आणि बांधभर त्या काकांना हळू चालवा, खड्डा बघा, पुढे बघा असं सांगत राहिल्या. फाट्यावर गणपतबाबा काठी घेऊन हजर होते. खाडी खरंच सुकली होती. त्यांच्यामागून आम्ही चालत पार झालो. बूट जरा माखले, एवढंच. पुढे डोंगराच्या कडेची पायवाट, आणि दहाच्या आत चौक.

बांबूंवर बोंबील वाळत होते. एका कोळणीने काकूंना विचारलं, "बाय, आली कशी गो? बसनं?"

"नाही हो, सायकलवर. मातीनं मातीनं," काकू म्हणाल्या आणि चक्क पाण्यात घोट्यापर्यंत उतरल्या. काका किनाऱ्यावर वही उघडून बसले, पण त्यांना काही लिहिता येईना. त्यांनी ती मिटून खिशात ठेवली. इतका जिंकलेला माणूस मी जवळून पहिल्यांदाच पाहत होतो.

बारा वाजता आम्ही निघायला उठलो आणि काकांचा चेहरा पडला. भरती लागली होती. फाट्यावर आता पुरुषभर पाणी असणार. चार वर्षं नकाशा काढणाऱ्या माणसाने फक्त जाण्याचा विचार केला होता. परत येण्याचा रस्ता एकच होता, डांबरी, आणि त्यावर भाईंदरची बस उभी होती. काका काकूंकडे बघेनात. संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत थांबू, असं काहीतरी पुटपुटले.

काकू बराच वेळ बसकडे बघत होत्या. मग पदर खोचला.

"चला. खिडकी मला पाहिजे."

काकांची सायकल मी टपावर चढवली आणि मागोमाग माझ्या सायकलवर निघालो. पहिल्या वळणावर बस हळू झाली तेव्हा मी वर पाहिलं. खिडकीत काकू होत्या, डोळे चांगले उघडे ठेवून रस्ता बघत होत्या. शेजारी काका बसले होते, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून. डोळे काकांनी मिटले होते.