तार तुटली

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी टेकडीवरची तार तुटली. तार कपडे वाळत घालायची होती.

टेकडीवर पूर्वी लष्कराचं संदेशकेंद्र होतं. लष्कर गेलं. मागे राहिला तीनशे फुटांचा मनोरा आणि त्याला ताणून धरणाऱ्या बारा तारा. आता त्यावरून रेडिओचे कार्यक्रम जात. ते काम पाहणारा ऑपरेटर बायकोसह तिथेच क्वार्टरमध्ये राहत असे. लष्कराचा एक नियमही मागे राहिला होता: टेकडीवरून आलेला निरोप शब्दशः नोंदवायचा, उलट प्रश्न विचारायचा नाही.

बायकोने यंत्रखोलीत नवऱ्याला फोन लावला. एकऐवजी दोनचं बटण दाबलं गेलं आणि फोन मुख्य कार्यालयात वाजला.

“अहो, तार तुटली! सगळं खाली आलंय, चिखलात लोळतंय!”

“नोंद घेतली,” कारकून म्हणाला.

“नोंद कसली घेताय? तीन आठवडे सांगतेय, तार गंजलीय म्हणून!”

कारकुनाने तेही लिहून घेतलं.

दहा वाजता मुख्य कार्यालयातून ऑपरेटरला साहेबांचा फोन आला. “मनोरा पडला आणि तुम्ही गप्प?”

“साहेब, मनोरा उभा आहे. खिडकीतून दिसतोय.”

“इथे लेखी आहे. तीन आठवड्यांपूर्वीच कळवलं होतं म्हणे तुमच्या मिसेसनी!”

“ती धुण्याची तार हो!”

“म्हणजे मनोऱ्याच्या तारेवर धुणं घालत होतात? लेखी खुलासा द्या. आणि संध्याकाळपर्यंत क्वार्टर रिकामं करा. मनोराच नाही, तर ऑपरेटर कशाला?”

बायकोने ट्रंक ओढून बाहेर काढली. “एका तारेपायी घर गेलं!”

“बटण एकचं दाबायचं असतं.”

“आणि तार कोणी बांधायची असते?”



अकराच्या बातम्यांत निवेदिकेने सांगितलं, “टेकडीवरील मनोरा कोसळल्यामुळे या केंद्राचं प्रक्षेपण बंद पडलं आहे.” आवाज अगदी खणखणीत होता.

ऑपरेटरने फोन लावला. “साहेब, बातमी ऐकलीत?”

“ऐकली. स्वच्छ ऐकू आली.”

“ती मनोऱ्यावरूनच आली.”

मग साहेब म्हणाले, “थांबा. मी स्वतः येऊन बघतो.”

शेवटची माहिती हाती आली तेव्हा साहेबांची गाडी टेकडीच्या पायथ्याशी पोचली होती. ट्रंक दारातच होती. बायकोच्या डोळ्यांदेखत ऑपरेटर धुण्यासाठी नवी तार बांधत होता. एक टोक क्वार्टरच्या खिडकीला बांधून झालं होतं. जुना खांब तारेबरोबरच आडवा झाला होता आणि जवळपास दुसरा नसल्यामुळे दुसरं टोक त्याने मनोऱ्याला बांधायला घेतलं होतं.