आनंद नेमका कुठं होतो

गोल झाला की स्टेडियममधले सगळे लोक मैदानाकडं बघून उड्या मारायचे आणि इनामदार सर तेवढे मैदानाकडं पाठ करून लोकांकडं बघत उभे असायचे. मग शेजारच्या एखाद्या अनोळखी माणसाची बाही धरून हळूच विचारायचे, "आत्ता तुम्हाला आनंद झाला. तो नेमका कुठं झाला?"

हातात भडंगाची पुडी धरलेला तो माणूस गोंधळून जायचा. कुणी छातीवर हात ठेवायचा, कुणी पोटावर. एका पैलवानानं नीट विचार करून "मांडीत" असं सांगितलं होतं. सर सगळ्यांच्या उत्तराला मान डोलवायचे आणि म्हणायचे, "तसं तुम्हाला वाटतं. मेंदू लबाड असतो हो."

सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि आमच्या घरासमोरच्या माडीवर एकटे राहायचे. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, मूलबाळ नव्हतं. उंच, किडकिडीत अंगावर पांढरा शर्ट, आणि डोळे असे की समोर बघताहेत की आत, कळू नये. रस्त्याच्या बरोबर मधून चालायचे. टांगेवालेच त्यांना वळसा घालून जायचे. माणसाला बक्षीस मिळालं की डोक्यात काय होतं, हा त्यांचा ध्यास. आडनावच इनामदार, मग बक्षिसाचा अभ्यास ह्यांनी नाही करायचा तर कुणी, असं तालमीतली पोरं म्हणायची.

संध्याकाळी ते आमच्या कट्ट्यावर येऊन बसायचे. रंकाळ्याकडचं आभाळ तांबूस होऊन हळूहळू विझत असायचं, आणि सर अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बोलत असायचे.

"मेंदूत एक खोली असते बघ. गूळ खाल्ला, पगार झाला, पेठेचा संघ जिंकला, हे सगळे पाहुणे त्याच खोलीत येतात. पण पगार येतो तेव्हा आपण एकटेच दार उघडतो. गोल होतो तेव्हा अख्खी पेठ आत शिरते. खोली तर तेवढीच. मग इतकी माणसं मावतात कशी?"

मी बाजार समितीत कारकून आणि पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात बॅक. मी चेंडू लांब मारत होतो, एवढंच मला ठाऊक.

एकदा त्यांनी माझ्या आईलाही विचारलं, "पगाराचं पाकीट हातात आलं की तुम्हाला कुठं वाटतं?"

"माझ्या हातात येतंय कधी ते?" आई म्हणाली आणि माझ्याकडं बघत आत गेली.

अशा माणसाला नुसतं विचारून किती दिवस समाधान वाटणार? कागलच्या संघाबरोबर आमची मैत्रीची मॅच ठरली, तेव्हा सर तालमीत आले आणि म्हणाले, "जो गोल करेल त्याला गोलामागं पाच रुपये. माझ्या खिशातून." आमचा कॅप्टन मेहबूब. तो उद्यमनगरात लेथवर काम करायचा आणि मैदानावर सगळ्यांना एका दोरीत बांधल्यासारखं खेळवायचा. त्याला वाटलं, द्यायला लागलेत तर देऊ देत.

मॅच सुरू झाली. आमचा विंगर डोळे मिटून पास द्यायचा, तो त्या दिवशी चेंडू पायाशी धरून एकटाच फिरायला लागला. सेंटर फॉरवर्ड आणि त्याच्या बाजूला खेळणारा इन एकमेकांच्या पायातला चेंडू काढायला लागले. गोलकीपर मधल्या रेषेपर्यंत आला. मीही हाफलाइनवरून एक दणका दिला, तो भिंतीवरून पलीकडच्या रसाच्या गाड्यावर गेला. कागलकरांनी आमच्या रिकाम्या गोलात निवांत गोल घातले.

सर पळत मैदानात आले. इतके खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते. "बघितलंत? पाच रुपयांनी एका संघाचे अकरा संघ केले. त्या खोलीत आज एकेकटाच शिरत होता."

मेहबूबनं बनियननं घाम पुसला. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमचं बराबर आसंल. पर आमी हारलोय. पुढच्या मॅचला तुमचा मेंदू घिऊन जरा लांब हुबं ऱ्हावा."

पोरं हसली. सरही हसले, पण त्यानंतर आमच्यात यायचे बंद झाले. त्या हंगामात आम्ही बरंच जिंकलो. गुलाल उधळत, हलगीच्या मागं नाचत पेठ घरी यायची. मी वर बघायचो. सर माडीच्या खिडकीत उभे असायचे आणि खाली कुणी बघितलं की मागं सरायचे. कट्टाही सुटला.

मग एका रविवारी संध्याकाळी सराव करून आम्ही तालमीसमोर बूट काढत बसलो होतो. धूळ खाली बसत होती, उन्हं कौलांवर गेली होती. सर आले आणि जरा अंतरावर थांबले.

"या की सर, बसा," मेहबूब म्हणाला.

"लागलं," सर म्हणाले.

"काय लागलं? पायाला?"

"तिकीट. लॉटरीचं."

मेहबूबनं त्यांच्या हातातलं तिकीट आणि पेपर घेऊन आकडे ताडून बघितले. रक्कम फार मोठी नव्हती, पण दोनतीन पगार तरी होतेच. त्यानं तिकीट सरांच्या खिशात परत घातलं, आणि त्यांना कमरेला धरून खांद्यावर उचललं.

"अरे, खाली ठेव, पडेन मी," सर म्हणत होते. पण तोवर कुणी तरी हलगी काढली होती. मेहबूबची अम्मी पदराआडून साखरेची वाटी घेऊन आली. सरांचं कधी नावही न ऐकलेले लोक घरांतून बाहेर येऊन विचारत होते, काय झालं, कोण जिंकलं. खांद्यावर बसून सर हसत होते. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, कारण दोन्ही हात खालच्या पोरांनी धरले होते.

गर्दी पांगल्यावर सर माझ्याबरोबर आमच्या कट्ट्यावर येऊन टेकले. मी विचारलं, "पैशाचं काय करणार सर?"

"ते अजून सुचलं नाही."

त्यांनी खिशातलं तिकीट काढून मांडीवर सरळ केलं. मग म्हणाले, "निकाल मी सकाळीच बघितला होता. खुर्ची ओढून घेतली आणि आनंद व्हायची वाट बघत बसलो. काही होईना. वाटलं, मोठ्यानं बोलून बघावं. म्हणालो, 'अगं, तिकीट लागलं.'"

समोरच्या माडीवर अंधार होता.

"मग दुपारभर तसाच बसलो," सर म्हणाले. "आणि मग इकडं आलो."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सर तो ऐकत असावेत. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "मी अजून थोडा वेळ इथं बसलो तर चालेल का?"

आई पिठाच्या हातानंच दारात आली.

"सर, आत या," ती म्हणाली. "ताट वाढलंय."

सर उठले. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, आमच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवल्या आणि खाली वाकून आत आले.