निकमबापूंची लंगडी फौज

नवी कोरी बाहुली घरात आली की निकमबापू सगळ्यात आधी तिचा पाय कापतात. खोटं कशाला बोलू, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बोटाच्या दोन पेरांएवढी बाई, अंगात चिलखत, हातात तलवार, चेहऱ्यावर असा रुबाब की आपणच उठून खुर्ची द्यावी. बापूंनी तिला टेबलावरच्या लोखंडी पकडीत पाठमोरी आवळली, केसासारखी बारीक करवत घेतली, आणि करकर करकर, गुडघ्याखालून पाय गायब.

"अहो बापू! काय केलं हो तिनं तुमचं?"

"काही नाही वहिनी. अखंड गडी मी माझ्या फौजेत घेत नाही."

हे असं उत्तर.

पाथर्डी फाट्याला आमची रो-हाउसं भिंतीला भिंत लावून आहेत. त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे शिंका. बापू मूळचे देवळ्याचे. जन्म गेला सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये. तिथं केसाएवढा फरक पडला तरी माल परत, म्हणून माणसाच्या अंगात माप मुरलेलं. "माप म्हणजे माप!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एकदा होळीला मी हौसेनं पुरणपोळ्या दिल्या, तर या गृहस्थानं खिशातून माप घ्यायची पकड काढून पोळी मोजली. "वहिनी, कडेला जाड, मध्ये पातळ. लाटणं वाकलंय तुमचं." मी तणतणत घरी आले आणि लाटणं ओट्यावर घरंगळवून पाहिलं. मेलं खरंच वाकलेलं होतं. पण म्हणून काय पोळी मोजायची?

तर या बाहुल्यांचं खूळ आलं कुठून? कोपऱ्यावर सायली राहते, दाताची डॉक्टर. गल्लीतले सगळे मिक्सर, पंखे, इस्त्र्या बापूंच्या हाताखालून जातात, म्हणून ती एकदा एक मोडका योद्धा घेऊन आली. "काका, याची तलवार जोडून द्याल का?" बापूंनी जोडली. मग विचारलं, हा लढतो कुणाशी? झालं! बाटले ते बाटलेच.

हा एक खेळ आहे. मला कळला तेवढा सांगते. चार-पाच जणं टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाची एक बाहुली, म्हणजे त्या गोष्टीतले तुम्हीच. एकानं गोष्ट सांगायची: गुहा आली, राक्षस आला, पूल तुटला. बाकीच्यांनी आपण काय करतो ते बोलायचं, आणि वार लागला की हुकला हे फाशानं ठरवायचं. फासाही साधा नाही, चांगली वीस तोंडं त्याला. दर रविवारी मिसळ हाणून ही मंडळी बापूंच्या माडीवर जमतात. गोष्ट सांगणारे अर्थात बापू. राक्षसही तेच, पाऊसही तेच, वाटेतला लबाड सराईवालाही तेच.

बाहुल्या विकत मिळतात त्या करड्या, बिनरंगाच्या. रंगवायच्या आपण. पण बापू नुसते रंगवतील तर शपथ. कापायचं, जोडायचं, एकाचं मुंडकं दुसऱ्याच्या धडावर. मोडक्या छत्रीची काडी झाली भाला. सायलीनं दिलेल्या दात कोरायच्या जुन्या हत्यारांनी पुट्टीवर दाढीमिशा कोरायच्या. पंकज म्हणून एक मुलगा पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधून येतो, तो घडांची वाळकी देठं आणतो, त्यांचं जंगल. आणि ड्रॅगनचे पंख कशाचे असतील? कांद्याच्या सालीचे! देवळ्याहून मेव्हणा कांद्याची गोणी घेऊन आला की बापू आधी साली निवडतात, कांदे मग.

ब्रशला टोक यावं म्हणून बापू तो ओठांत फिरवतात. म्हणून ओठ कधी हिरवे, कधी जांभळे. टेबलावर दोन कप, एकात चहा, एकात ब्रश धुतलेलं पाणी. पहिल्याच दिवशी मी गप्पांच्या नादात नको तो कप उचलला आणि चांगला घोट घेतला.

"कसा झालाय?" बापूंनी मान वर न करता विचारलं.

"आलं जरा कमी आहे," मी म्हटलं. शेजारधर्म असतो ना काही!

लोक हसायचेच. म्हातारपणी बाहुल्या खेळतो म्हणायचे. मेव्हणा तर तोंडावर म्हणाला, "दाजी, लोक काय म्हणतील? जरा वयाला शोभेल असं करा." बापू ताडकन म्हणाले, "तुम्ही पारावर बसून पत्ते कुटता ना? पत्त्यातला राजा चालतो, पत्त्यातली राणी चालते, मी रंगवलेली का नाही चालत? तुमच्या राजाला तर कंबरेखाली धडच नाही!" मेव्हण्यानं पुन्हा विषय काढला नाही. कांदे मात्र आणतो.

आता विमलताईंबद्दल सांगते, म्हणजे बापूंच्या मंडळींबद्दल. ही बाई आमच्या गल्लीचा आवाज होती. भाजीवाल्याशी घासाघीस करायची तर पलीकडच्या गल्लीतल्या बायका ऐकायला यायच्या. पण साखरेनं घात केला. अंगठ्याला जखम झाली, चिघळली, वर सरकली, आणि गुडघ्याखालून पाय कापावा लागला. नवा पाय बसवून मिळाला. दवाखान्यात त्यावर चालूनही दाखवलं त्यांनी. घरी आल्या आणि म्हणाल्या, "हा ठोकळा घालून मी कुणाला तोंड दाखवू?" पायाला उशीचा अभ्रा घातला, दाराआड उभा केला, आणि वर त्याच्यावरच छत्री अडकवून ठेवली. त्या दिवसापासून वॉकर धरून खाट ते ओटा, ओटा ते खाट. उंबऱ्याबाहेर नाही, माडीवर नाही. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

बापूंनी काय केलं? जिन्याला एका बाजूनं कठडा होता, दुसऱ्या बाजूनंही बसवला. या रो-हाउसांचा जिना मुळात बोळासारखा, आता त्यातून पोतंही वर जाईना. मी म्हटलं, डोकं फिरलंय यांचं. मग बाहुल्यांचे पाय कापायला सुरुवात झाली. विमलताई खालून विचारायच्या, "अहो, काय कापताय?" बापू वरून म्हणायचे, "तुझी राणी करतोय. बघायची तर वर ये." "मरू दे तुमची राणी! मी नाही येणार." "मग तीही खाली नाही येणार." असे हे दोघे. एक वर, एक खाली, हटायला कोणी तयार नाही.

पण कान कुठे बसून राहतात? एका रविवारी सगळे खेळात रंगलेले, आणि जिन्याखालून आवाज आला, "अरे बावळटांनो, मागे बघा! त्या गुहेला दोन तोंडं आहेत असं मघाशीच म्हणाले ना ते!" खरंच राक्षस मागून येत होता. सायली ओरडली, "काकू, तुम्हीच का नाही होत राणी?" आणि विमलताई राणी झाल्या. जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून लढायच्या. त्यांची पाळी आली की बापू स्टीलच्या वाटीत फासा घालून खाली न्यायचे. वाटी खणखणायची, आकडा वर कळायचा. एरवी नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक नाही, पण खेळात बापू राक्षस म्हटल्यावर मुभाच! "ए काळतोंड्या, ये पुढं! तोड रे पंकज त्याची मुंडी!" पहिल्यांदा भिंतीतून हे ऐकलं तेव्हा आमचे हे पोलिसांना फोन लावायला निघाले होते.

तरी मला ते पाय कापणं सहन होईना. शेवटी एका रविवारी त्यांनी दुरुस्त केलेलं मिक्सरचं भांडं न्यायला म्हणून मी वर गेले आणि सगळ्यांदेखत तोंड सोडलं. "बापू, घरात बाईचा पाय गेलाय आणि तुम्ही वर बसून बाहुल्यांचे पाय कापता? जखमेवर मीठ चोळता? लाज नाही वाटत?"

बापू चिडले नाहीत. फळीवरची एक बाई उचलून माझ्या तळहातावर ठेवली. कापलेल्या पायाच्या जागी पेनातली स्प्रिंग. दुसरीला घड्याळातली पितळी काडी, तिसरीला छत्रीची तार. प्रत्येकीचा पाय वेगळा, प्रत्येकीची तलवार वर.

"कापलेलं सगळ्यांना दिसतं वहिनी. उभी आहे ते बघा की. फुंकर मारा."

मी चांगली जोरात फुंकर मारली. हलली नाही. मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, आता खेळ बघूनच जाऊ.

त्या दिवशी ड्रॅगनशी शेवटची लढाई होती. कांद्याच्या सालीचे पंख पसरून ते धूड टेबलाच्या मधोमध. पंकज जखमी, सायली पुलाखाली अडकलेली, ड्रॅगनपुढे एकटी विमलताईंची राणी. आता त्यांचा फासा. सगळ्यांचे डोळे बापूंकडे, कधी वाटी उचलतात. बापू जागचे हलले नाहीत.

"अहो, वाटी आणा!" खालून आवाज.

"आज वाटी खाली येणार नाही," बापू म्हणाले. "जिची राणी तिनं पटावर फासा टाकायचा. माप म्हणजे माप."

"काय थट्टा लावलीय? मी कशी येऊ?"

"तुझी तू ठरव. नाहीतर राणी मेली."

माझं तर डोकंच सणकलं. असला कसला आडमुठा माणूस! मी उठले, पंकज उठला. बापू जिन्याच्या तोंडाशी जाऊन आडवे उभे राहिले. "कोणी खाली जायचं नाही." आवाज असा की आम्ही मुकाट बसलो. पण कठड्यावरचा त्यांचा हात मला दिसत होता. कठडा पक्का आहे ना, हे तो हात पुन्हा पुन्हा हलवून बघत होता.

खालून वॉकर दाराकडे सरकल्याची खरखर आली. मग छत्री पडल्याचा आवाज आला.

सायलीनं माझा हात घट्ट धरला. पट्टे आवळल्याची कुरकुर, मग एक धप. मग थांबणं, श्वास, मग कठड्याची कुईं आणि पुन्हा धप. मध्येच एक सणसणीत शिवी, ती ड्रॅगनला की बापूंना, देव जाणे. दोन्ही हातांनी दोन्ही कठडे धरून, पदर खोचून, घामानं निथळत विमलताई माडीवर आल्या. बापू बाजूला झाले. हात पुढे केला नाही.

"कुठंय तो फासा?" त्या गरजल्या, आणि टेबलाशी येऊन वाकल्या. तिथं त्यांची राणी होती. पहिल्यांदाच बघत होत्या. बघता बघता त्यांचे डोळे बारीक झाले. फळीवरच्या फौजेकडे पाहिलं, पुन्हा राणीकडे पाहिलं, आणि त्या एकदम माहेरच्या अहिराणीवर आल्या.

"हाई काय शे? मना डावा पाय गया, उजवा नही!"

आम्ही सगळे फळीवर तुटून पडलो. अहो, खरंच की! झाडून सगळ्या बायांचा उजवा पाय कापलेला. सायली दाताची डॉक्टर, समोरच्याचं उजवं-डावं हा तिचा रोजचा धंदा, तिलाही दिसलं नव्हतं. आणि मी फुंकरा मारत बसले होते.

बापू मटकन खुर्चीत बसले. जन्मभर मापाचा डंका वाजवलेला माणूस, आणि मापातच चुकला. मग अगदी हळू म्हणाले, "तुझी पट्टी बांधायला रोज समोर बसायचो. माझ्या उजव्या हाताला यायचा तो पाय. तेच डोक्यात बसलं. आणि या बायांना पकडीत पाठमोऱ्या धरायचो, म्हणजे माझ्या उजव्या हाताला त्यांचा उजवाच..."

"पाठमोऱ्या का?" विमलताईंनी विचारलं.

"तोंडाकडे बघून कापवायचं नाही."

विमलताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदराचं टोक घेतलं आणि बापूंच्या ओठांवरचा जांभळा रंग खसाखसा पुसून काढला, शाळेत जाणाऱ्या पोराचं तोंड पुसावं तसा.

"पुढची समोर धरा," त्या म्हणाल्या. "मी बसते शेजारी. आता द्या तो फासा."

फासा टाकला. पडले तीन. राणी मेली. पंकज कळवळून म्हणाला, "काकू, पहिल्यांदा वर आलात, परत टाका ना, चालेल."

"मुळीच नाही. माप म्हणजे माप," विमलताई म्हणाल्या. "मेली तर मेली. पुढच्या रविवारी दुसरी उभी राहील."

बापू खालमानेनं उठले आणि फळीवरच्या चुकलेल्या बाया डब्यात भरायला लागले. विमलताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"हात नाही लावायचा त्यांना. उजवा गेलेल्याही असतील की कोणी. राहू द्या फौजेत."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. कोणाला दिसू नये म्हणून मी समोरचा कप उचलला आणि गटागटा प्यायले. आलं याही वेळी कमीच होतं.